आहुप्याचं न प्यालेलं पाणी

वर्गात बोलणारी मुलं लक्षात राहतात. चेतना ऐकणारी म्हणून लक्षात राहिली. ऐकताना तिची मान उजवीकडे जराशी कलायची आणि डोळे खिडकीबाहेर जायचे. नव्या शिक्षकाला वाटायचं, हिचं लक्ष नाही. त्यानं मध्येच उभं करून विचारलं की ती मागची तीन वाक्यं जशीच्या तशी सांगायची, आणि चौथ्या वाक्यात तो कुठे अडखळला होता तेही.

मंचरला हायवेपासून आत वळलं की कांद्या-बटाट्याची गोदामं लागतात, त्यातलं तिसरं त्यांचं. वर घर. पणजोबा मारवाडातून आले आणि इथेच राहिले. आता घरात मारवाडी बोलतात ती फक्त दादी, म्हणजे पानबाई. बाकीचे रागावले तरी मराठीतच रागावतात. आठवीत मी वर्गाला निबंधासाठी ‘आमचे स्वयंपाकघर’ हा विषय दिला होता. चेतनानं पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘आमच्या गोदामात कांद्याच्या हजार गोण्या आहेत आणि आमच्या घरात एकही कांदा नाही.’ का नाही, ते पुढे लिहिलं नव्हतं. बोलावून विचारलं तेव्हा म्हणाली, दादीला विचारलं होतं. दादी म्हणाली, आपल्यात नाही.

“आणि तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, ‘आपल्यात’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, ते शोधायला पाहिजे.”

तेरा वर्षांच्या मुलीचं हे उत्तर मी वहीत टिपून ठेवलं होतं.

बारावीनंतर ती पुण्याला गेली. समाजाच्या वसतिगृहात राहायची, दर शनिवारी घरी. कॉलेजात आता नवी पद्धत आहे. पहिल्या वर्षाला तीन विषय घ्यायचे. वर्ष संपलं की त्यातला एक मुख्य ठरवायचा, एक गौण, आणि एक सोडून द्यायचा. चेतनानं अर्थशास्त्र घेतलं वडिलांसाठी, इंग्रजी घेतलं सगळे घेतात म्हणून, आणि तिसरा विषय घेतला समुदाय अभ्यास. माणसं एकमेकांना ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ कशावरून म्हणतात, एका गावात शेजारी राहूनही कोणाकोणात काय चालतं आणि काय चालत नाही, असा काहीसा तो विषय. वर्गात नऊ जण. शिकवायला प्राची मॅडम. त्यांचं एक वाक्य चेतना घरी आली की सांगायची: कोणाकडे नुसतं घ्यायला जाऊ नका.

सहा महिन्यांत तिचं ठरलं. मुख्य विषय हाच.

वडील कल्पेशभाऊ हे शांत गृहस्थ. आवाज चढवून बोलल्याचं बाजारात कोणाला आठवत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की गौण म्हणून ठेव, हौस म्हणून ठेव, पण मुख्य अर्थशास्त्र. दुसऱ्याच्या घरात डोकावायचं, याला पदवी कशाला लागते? आपल्या गल्लीत ते काम फुकट चालतं. यावर तिची आई राखीवहिनी हसल्या, चेतनाही हसली, आणि विषय तिथेच राहिला. पण प्रकल्पासाठी तिनं आहुपे निवडलं म्हटल्यावर ते थोडे सावरून बसले.

आहुपे त्यांचं. म्हणजे त्यांच्या धंद्यातलं. घोडेगाव, डिंभे आणि त्याच्याही पुढे, सह्याद्रीच्या अगदी कडेला असलेलं कोळी महादेवांचं गाव. तिथला हिरडा या घराकडे दोन पिढ्या येतो. आधी चेतनाचे आजोबा हस्तीमलशेठ जायचे, आता कल्पेशभाऊ वैशाखात टेम्पो घेऊन जातात. ते म्हणाले, “पंचवीस वर्षं मी आहुप्याला जातोय. त्याआधी चाळीस वर्षं तुझे आजोबा. मला ठाऊक नाही असं त्या गावातलं एक जरी तुझ्या विषयानं मला सांगितलं, तर मुख्य तोच घे. मी आडवा येणार नाही.”

त्यात आव्हान कमी आणि खात्री जास्त होती. ठमाबाईकडे उतर, कुशाबाईची सून, आपली जुनी ओळख आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

चैत्र संपता संपता ती निघाली. डिंभ्याच्या पुढे एसटी धरणाच्या काठानं जाते. पाणी उतरलेलं असतं आणि उतरलेल्या पाण्यातून जुन्या बांधांच्या रेषा वर येतात, पुसलेल्या पाटीवर आधीचं अक्षर दिसावं तशा. मग चढण लागते. डांबराचा वास मागे पडतो. खिडकीतून येणारा वारा वेगळ्याच ऋतूतला वाटायला लागतो. शेवटच्या वळणानंतर जमीन एकदम संपते आणि पुढे फक्त आकाश राहतं. खाली कोकण. सकाळी तिथून धुरकट वाफ वर येते, गोरखगडाचा सुळका तेवढा बाहेर राहतो, तोही तरंगत असल्यासारखा. चेतना म्हणते, बसमधून उतरल्यावर पहिली पाच मिनिटं तिला आपण कशासाठी आलो आहोत तेच आठवेना.

ठमाबाई पासष्टीच्या. बुटक्या, काटक, चालताना कायम थोड्या पुढे झुकलेल्या. आयुष्यभर चढावर चालल्यावर सपाटीवरही माणूस तसंच चालतं. कारवीच्या कुडाचं सारवलेलं घर, अंगणात वाळत घातलेला बाळहिरडा, काळा, सुरकुतलेला, मनुकेएवढा. दारात जांभळाचं झाड. मुलगा-सून मुंबईकडे, घरात एकट्याच. हस्तीमलशेठची नात म्हटल्यावर त्यांनी तिला दोन्ही हातांनी ओवाळून बोटं मोडली आणि आतली चांगली गोधडी काढून दिली.

चेतनानं सगळं रीतसर केलं होतं. परवानगीचा कागद वाचून दाखवला, सही घेतली. बेचाळीस प्रश्नांची यादी काढली. आणि यजमानांना तोशीस पडू नये म्हणून आपलं खाणं-पिणं बरोबर नेलं. दोन दिवसांचे खाकरे, लोणचं, उकळून गार केलेल्या पाण्याच्या चार बाटल्या. त्यांच्या घरात सूर्य मावळला की कोणी खात नाही. ठमाबाई तर दिवसभर रानात, त्यांची चूल पेटायची तीच दिवेलागणीला. तेव्हा चेतना साडेपाचलाच जांभळाखाली डबा उघडून जेवून घ्यायची. हा तिला समंजसपणा वाटत होता. मलाही, ऐकताना, तसाच वाटला.

पहिल्या दिवशी ठमाबाईंनी बारा प्रश्नांची उत्तरं दिली. घरात किती माणसं, भात किती, नाचणी किती, हिरड्याची झाडं कोणाची कुठली. तेराव्या प्रश्नाला चेतना देवराईवर आली. गावाच्या अंगाला भैरवनाथाची राई आहे, दाट, जुनी. दुपारीही आत हिरवा काळोख असतो आणि बाहेर उभं राहिलं तरी आतली गार हवा पावलांवर येते. तिथं काय पाळतात, काय तोडत नाहीत, कोण जातं, हे सगळं चेतनाला हवं होतं. ठमाबाईंनी ऐकलं, उठल्या आणि अंगण झाडायला लागल्या. अंगण सकाळीच झाडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याबरोबर रानात गेली. हिरडा वेचताना हात काळे पडतात, तसे तिचे पडले. रानात ठमाबाई खूप बोलल्या. पायाखालच्या वाटेबद्दल, माकडांबद्दल, मुंबईच्या सुनेबद्दल. राईचं नाव काढलं की त्यांच्या बोलण्यावर झाकण पडायचं. राग नव्हता. डोळे तेवढेच मायेचे. चेतनाला स्वप्नात असतं तसं वाटायला लागलं: दार समोर उघडं आहे, पाऊल टाकलं की ते तेवढंच मागे सरतं.

त्या संध्याकाळी ती डबा घेऊन जांभळाखाली बसली. कधी नव्हे त्या ठमाबाई लवकर परत आल्या होत्या. चेतनानं एक खाकरा पुढे केला. त्यांनी तो उन्हाकडे धरून पाहिला, म्हणाल्या, पापड का पोळी, एक काय ते ठरवा, आणि कुरकुर करत सगळा खाल्ला. मग लुगड्याला हात पुसून समोर येऊन बसल्या.

“तुझं खाल्लं,” त्या म्हणाल्या. “आता मी इचारनार, तू सांगायचं.”

चेतनाला कळेना.

“आमच्या घरची रीत हाय बाय. जो आपलं जेवला, त्यो आपला. आपल्याला आतलं सांगायचं. बिनजेवल्याला नाव-गाव सांगावं, रस्ता सांगावा, देवाचं न्हाई सांगू. तू दोन दिस झालं, आमच्या दारात आमचं पानी सुदिक न्हाई घेतलं.”

चेतनानं डबा बाजूला ठेवला आणि काहीतरी म्हणायला गेली. पण ठमाबाईंना वेळ नव्हता, त्यांचे प्रश्न तयार होते. “तुमी कांदा इकता, बटाटा इकता. खात न्हाई. वंगाळ असतोय का?”

“वाईट नसतो, आजी.”

“मग खात का न्हाई? आन वंगाळ असंल तर आमाला कशापायी इकता?”

चेतनानं सांगितलं, जमिनीतलं उपटलं की झाड मुळासकट जातं, शिवाय कंदात अगणित जीव असतात, असं मानतात. ठमाबाईंनी नीट ऐकलं. मग विचारलं, आम्ही रानात कंद खणतो, पोरांच्या पोटात घालतो, त्याचं काय म्हणायचं? चेतना म्हणाली, मला माहीत नाही.

“बेचाळीस सवाल घिऊन आली,” ठमाबाई म्हणाल्या, “आन एकाचा जबाब न्हाई.” पण हसल्या. मग त्यांचा चेहरा जरा लांब गेला. उन्हं जांभळाच्या शेंड्यावर होती. “आता दुसरं. तुझा आजा पानी का पीत नव्हता?”

ते त्यांनी विचारलं असं म्हणायचं. खरं तर सांगितलं. हस्तीमलशेठ वैशाखात यायचे, याच झाडाखाली बसायचे. चांगला माणूस, वजनात कधी फसवलं नाही, कोणाच्या पोराचं नाव विसरले नाहीत. शेठ यायच्या दिवशी सासूबाई कुशाबाई पहाटे उठून पितळी तांब्या चिंचेनं घासायच्या. झऱ्यावर कोणी जायच्या आधी भरून आणायच्या, पळसाच्या पानानं झाकून शेठच्या शेजारी ठेवायच्या. शेठ हात जोडून म्हणायचे, राहू द्या. संध्याकाळी कुशाबाई ते पाणी जांभळाला घालायच्या. दर साली. शेठ यायचे बंद झाले तोवर.

“आन बाय, ठेवायच्या आधी सवता घोटभर पिऊन बघायची. काय वास येतो का, खारं लागतंय का. मरस्तवर तिला वाटायचं, आपल्याच पान्यात कायतरी खोट हाय.”

तो तांब्या कुठे आहे, चेतनानं विचारलं. लेकीच्या लग्नात लेकीबरोबर गेला, ठमाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीत चेतनाच्या मांडीवर वही होती. राईच्या पानांवर काही नव्हतं. पण शेवटच्या पानावर एक गोष्ट होती जी तिच्या वडिलांना ठाऊक नव्हती. ती सांगितली की विषय तिचा. खिडकीतून धरणाचं पाणी सरकत होतं आणि तिला ते जिंकणं नकोसं वाटत होतं. आजोबा तिच्या लहानपणीच गेले. घरातल्या तसबिरीत त्यांच्या कपाळावर एकही आठी नाही. गोदामातले हमालसुद्धा अजून त्यांची शपथ घेतात. त्या माणसाची ही गोष्ट बापासमोर पत्त्यासारखी टाकायची?

घरी पोचल्यावर कल्पेशभाऊंनी विचारलं, “मग? काय सापडलं?”

“काही नाही,” ती म्हणाली.

त्यांना बरं वाटलं असावं. पण लगेच त्यांनी तिच्याकडे परत एकदा पाहिलं. परीक्षा झाली, वैशाख लागला. एका मंगळवारी तिनं कॉलेजच्या साइटवर फॉर्म भरला. मुख्य अर्थशास्त्र, गौण समुदाय अभ्यास. मग संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि वरचं सगळं सांगितलं. तिचं बोलणं झाल्यावर मी एवढंच म्हटलं, की एखाद्याचं आपल्याकडे राहिलेलं सांगणं निरोपासारखं असतं, ते पोचवायचं की नाही हे आपण एकट्यानं ठरवू नये. ती मान कलती करून बसली. मग घड्याळ पाहिलं आणि उठली. जेवायची वेळ झाली होती.

त्यांच्या घरी सहाच्या आत पानं मांडतात. पुढचं तिच्याकडून नंतर कळलं ते असं. जेवण होत आलं होतं. पानबाई ताटात पाणी घालून, ताट धुऊन ते पाणी पीत होत्या. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून त्या रोज तसं करतात. चेतना म्हणाली, “पप्पा, फॉर्म भरला. अर्थशास्त्रच. आता एक सांगते. आता सांगून मला काही मिळणार नाही, म्हणून सांगते.”

आणि तिनं तांब्याची गोष्ट सांगितली. काही न वाढवता, कुशाबाई स्वतः घोटभर पिऊन बघायच्या तिथपर्यंत.

कल्पेशभाऊ हातातल्या पोळीकडे बघत राहिले. बोलल्या त्या पानबाई, आणि मराठीत बोलल्या. “मला ठाऊक होतं. आहुप्याहून आले की चप्पल काढायच्या आधी दोन तांबे पाणी प्यायचे. मी एकदा म्हटलं, घेत जा तिथं, त्यात कुठला नियम मोडतो? गाळून घ्या, पाहिजे तर उकळून मागा. तर म्हणाले, पहिल्या वर्षी नाही घेतलं. आता घेतलं तर इतकी वर्षं का नाही घेतलं, हे सांगावं लागेल.”

“मग का नाही घेतलं पहिल्या वर्षी?” चेतनानं विचारलं.

“त्यांचे वडील कोणाच्याच दारात घेत नव्हते,” पानबाई म्हणाल्या आणि ताट उचलून आत गेल्या.

पुढे दोन दिवस कल्पेशभाऊ नेहमीसारखेच वागले. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हिरड्याचा टेम्पो निघायचा होता. सकाळी ते तिला म्हणाले, आहुप्याला येतेस? राखीवहिनी डबा भरायला लागल्या, तर म्हणाले, नको. वहिनींनी डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि काही विचारलं नाही. त्या घरात सगळेच कमी विचारणारे. चेतना कोणावर गेली ते कळत नाही.

वाटेत डिंभ्याच्या पुढे ते म्हणाले, मी कधी विचारच केला नाही. माझ्याजवळ बाटली असायची. बाटली असली की माणसाला नाही म्हणावंही लागत नाही. मग बऱ्याच वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखे, नियम कोणता आणि सवय कोणती, हे वेगळं करून कधी बघितलंच नाही.

टेम्पो नेहमीच्या जागी थांबला. माणसं माल भरायला लागली. एरवी कल्पेशभाऊ टेम्पोजवळच उभे असतात. त्या दिवशी त्यांनी जांभळाखाली चपला काढल्या, पडवीत आले आणि खांबाला टेकून बसले.

“ठमाबाई, पाणी द्या.”

ठमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग चेतनाकडे. “कोमट असंल,” त्या म्हणाल्या. “माठ फुटलाय.”

स्टीलच्या तांब्यातून आणलेलं पाणी त्यांनी रुमालातून गाळून फुलपात्रात घेतलं, गाळलेले जीव पाण्यात परत जावेत म्हणून रुमाल हळूच तांब्यावर निथळू दिला आणि बसून प्यायलं. सगळं. बाहेर उन्हाचा नुसता एक पांढरा पडदा झाला होता आणि त्यातून हिरडा ओतल्याचा आवाज पाऊस असल्यासारखा येत होता. चेतना म्हणते, तेवढा वेळ कोणाचीच सावली हलली नाही असं तिला वाटलं.

“गोड आहे पाणी,” कल्पेशभाऊ म्हणाले. ते ठमाबाईंना म्हणाले की आणखी कोणाला, ते सांगता येणार नाही.

“ते आमाला ठावं हाय,” ठमाबाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, जेवून जाता का, दिवस आहे अजून. आणि उत्तराची वाट न बघता भर दुपारी चूल पेटवली. चेतनाला चुलीपाशी बसवलं आणि म्हणाल्या, “तुमाला काय काय चालत न्हाई, ते एकदम सांगून टाक बाय. मागनं तोंड पाडू नको.”

चेतनानं सांगितलं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, कुठलाच कंद नाही, अंडं-मासळी तर नाहीच. एकेका नावाला ठमाबाई एकेक डबा मागे सारत होत्या.

“मंग ऱ्हातं काय?”

राहिलं ते नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. मिठाशिवाय आणि मिरचीशिवाय त्यात काही नव्हतं. चेतनानं बेताबेतानं खाल्लं, तिला तिखट लागत होतं. कल्पेशभाऊंनी दुसरी भाकरी मागून घेतली. ताट संपल्यावर त्यांनी त्यात थोडं पाणी घातलं, बोटानं ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. घरी हे पानबाई करतात. कल्पेशभाऊंना करताना चेतनानं कधी पाहिलं नव्हतं. ठमाबाईंच्या भुवया वर गेल्या. हे काय म्हणून त्यांनी विचारलं, आणि कल्पेशभाऊंनी सांगितलं: कण वाया जाऊ नये म्हणून. ठमाबाई म्हणाल्या, ही रीत बरी आहे, भांडी घासायला सोपी.

मग ठमाबाई त्या दोघांना राईत घेऊन गेल्या. हद्दीच्या दगडापाशी चपला काढल्या आणि तिथून पुढे आपणहून बोलायला लागल्या. काय सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही. चेतनानं ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या घरात माझं जेवण झालेलं नाही. एवढं कळलं की बोलणं तासभर चाललं, मध्ये एक मोठा पक्षी पंखांचा घरघर आवाज करत वरून गेला तेव्हा तिघांनीही वर पाहिलं, आणि वहीत काय लिहायचं, काय लिहायचं नाही, हे ठमाबाई मधून मधून सांगत होत्या. बेचाळीस प्रश्नांतले निम्मे चेतनानं तिथेच खोडले. आणखी एक. कल्पेशभाऊ ऐकता ऐकता पुढे सरकत गेले. पंचवीस वर्षांत त्यांनी आहुप्याला झाड किती, माल किती, पाऊस किती, एवढंच विचारलं होतं. त्या दिवशी दोनदा ते म्हणाले, “मग पुढं?”

राईतून बाहेर आल्यावर उजेड डोळ्यांना टोचला. चपला घालताना खाली बघतच त्यांनी विचारलं, “तो फॉर्म. बदलता येतो का?”

“येतो.”

“कधीपर्यंत?”

“आज पाचपर्यंत.”

त्यांनी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. “आणि हे आता सांगतेस?”

“तुम्ही विचारलं नव्हतं,” चेतना म्हणाली.

फोनला रेंज नव्हती. ठमाबाई म्हणाल्या, ती कड्यावर मिळते, मुंबईच्या सुनेशी मी तिथंच बोलते. आणि चढावर चालणाऱ्या त्या नेहमीच्या चालीनं पुढे निघाल्या. त्यांच्यामागे कल्पेशभाऊ, त्यांच्यामागे चेतना. गवत वाळून सोनेरी झालं होतं आणि वाऱ्यानं सगळं एकाच बाजूला निजलं होतं. कडा आला. खालचं कोकण दिसत नव्हतं, नुसती निळसर वाफ होती, आणि तिच्यात मध्येच कुठेतरी एका वाडीचे पत्रे चमकत होते. एका सपाट दगडावर ठमाबाईंनी दोघांना उभं केलं. इथंच उभं राहा, दोन पावलं हलला तर जाईल.

साइट उघडायला खूप वेळ लागला. मुख्य विषयाच्या पुढचा पर्याय चेतनानं बदलला, तेव्हा भरलेला फॉर्म बदलण्यासाठी पालकांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे अशी ओळ आली. कल्पेशभाऊंनी आपला फोन डोक्यावर उंच धरला. काही येईना. ते दगडाच्या टोकाशी गेले, पुन्हा मागे आले. ठमाबाई त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून उभ्या होत्या. कड्यावर माणसाचं भान जातं, हे त्यांना माहीत होतं. पहिला ओटीपी आला तोवर त्याची मुदत संपली होती. दुसरा मागवला. चार पन्नास झाले.

फोन वाजला. कल्पेशभाऊंनी चष्मा वर केला आणि वाचायला लागले. “सात. एक. एक.” वाऱ्यात पुढचा आकडा गेला.

“परत सांगा, पप्पा.”

त्यांनी परत पहिल्यापासून सांगितला, सावकाश, एकेक आकडा तिच्या बोटाखाली उमटेपर्यंत थांबून. सहावा आकडा पडला आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. तिघंही त्याच्याकडे बघत राहिले. ठमाबाईंनी विचारलं, हे काय दळतंय? मग चक्र थांबलं आणि हिरव्या अक्षरांत बदल नोंदवल्याचं आलं.

“झालं,” चेतना म्हणाली.

कल्पेशभाऊ दगडावर खाली बसले. ठमाबाईही बसल्या. टेम्पोवाल्यानं लांबून हॉर्न दिला, तरी कोणी उठलं नाही. वाफ हळूहळू वर येत होती, आता ती त्यांच्या पायांपर्यंत आली होती.

“गौण काय ठेवलंस?” कल्पेशभाऊंनी विचारलं.

“अर्थशास्त्र.”

“ते सोडू नकोस,” ते म्हणाले.

“नाही सोडत,” ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी जागा करून बसली.